सीमांतपूजन कोणत्या सीमेवर?

कार्तिकी एकादशीनंतर तुळशीचे लग्न लागते आणि महाराष्ट्रात लग्नसराईचे पडघम वाजू लागतात. भंडारा जिल्ह्यात याच सुमारास धानाची कापणी आटोपत आलेली असते. बांध्या रिकाम्या होतात, खळ्यावर पुंजणे उभे राहतात, मळणीनंतर तणसाचे ढीग दिसू लागतात. वर्षभराच्या कष्टाचे मोल हाती येण्याचे हे दिवस. साहजिकच घराघरांत उपवर मुलामुलींचे विषयही याच दिवसांत निघतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या बैठकांत पूर्वी दोनच प्रश्न कळीचे असत. स्थळ कसे आहे, आणि मुहूर्त कोणता? ‘स्थळ’ या शब्दाचा अर्थ तेव्हा सोयरिकीचे घराणे असा होता. आज त्या शब्दाचा अर्थ बदलू लागला आहे. स्थळ म्हणजे लग्न जेथे लावायचे ते ठिकाण! ते गोव्याचा समुद्रकिनारा असावे, उदयपूरचा राजवाडा असावे की थायलंडचे एखादे बेट, याची चर्चा आता महानगरांतील धनिकांच्या दिवाणखान्यांपुरती उरलेली नाही. तुमसर, साकोली, लाखनी, पवनी येथील मध्यमवर्गीय घरांतही ती होऊ लागली आहे. ‘डेस्टिनेशन वेडिंग’ हा शब्द आता भाषांतराची अपेक्षा न ठेवता आपल्या बोलीत शिरला आहे.

या बैठकीचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला संगणक क्षेत्रात नोकरी करतो. होणारी सूनही कमावती. दोघांनी मिळून काही रक्कम बाजूला ठेवलेली असते. ‘बाबा, तुम्हाला कसलाच त्रास नको, सगळे एका कंपनीकडे सोपवू, आपण फक्त पाहुण्यांसारखे जायचे,’ असे मुलगा मोठ्या प्रेमाने सांगतो. वडील मनातल्या मनात खर्चाची बेरीज मांडत असतात. आई मात्र वही काढून निमंत्रितांची यादी लिहू लागते आणि तिथेच घोडे अडते. घरच्या यादीत पाचशे नावे; आणि बाहेरगावच्या लग्नाला न्यायची माणसे ऐंशी! उरलेल्या चारशेवीस नावांवर काट मारायची. कोणाच्या? रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या राहून ज्यांनी या घराची शेती उभी केली, त्या बायाबापड्यांच्या. वडिलांच्या आजारपणात मध्यरात्री गाडी काढून नागपूरला नेणाऱ्या शेजाऱ्याच्या. लाखांदूरच्या त्या आत्याच्या, जिच्या गुडघ्यांना आता विमानतळाच्या पायऱ्या झेपणार नाहीत. ज्याने मुलाला बोट धरून शाखेत नेले, त्या वृद्ध मुख्यशिक्षकाच्या. यादी छोटी होत जाते आणि आईचा हात जड होत जातो. विवाहस्थळाच्या निवडीचा खरा प्रश्न या वहीत आहे.

ही प्रथा आली कोठून, हे सर्वज्ञात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचा विवाह इटलीतील टस्कनी प्रांतात झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांनी इटलीतल्याच कोमो सरोवराकाठी लग्न केले. या विवाहांची छायाचित्रे हातोहाती असलेल्या मोबाइलवर पोहोचली आणि लक्षावधी तरुण मनांत लग्नाचे एक नवे चित्र कोरले गेले. त्यात पाणी होते, पुष्पकमानी होत्या, मोजकी सुंदर माणसे होती. ताट घेऊन रांगेत उभा राहिलेला मामा त्यात नव्हता. मांडवाच्या कोपऱ्यात झोपी गेलेली आजीही नव्हती. चित्रपटातील प्रसंगाप्रमाणे लग्नही ‘दिसावे’ लागते, ही समजूत तेथून पुढे दृढ होत गेली.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘मन की बात’मधून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या प्रवाहाला एक प्रश्न विचारला. परदेशात जाऊन लग्न करण्याची खरोखरच गरज आहे का? त्या लग्नसराईत देशात सुमारे पाच लाख कोटी रुपयांची उलाढाल होईल, या व्यापारी संघटनांच्या अंदाजाचा त्यांनी उल्लेख केला आणि हा पैसा देशातच राहावा असे आवाहन केले. पुढे ८ डिसेंबरला डेहराडूनच्या गुंतवणूकदार संमेलनात त्यांनी ‘वेड इन इंडिया’ हा मंत्रच दिला. उत्तराखंडातील त्रियुगीनारायण येथे, जेथे शिवपार्वतीचा विवाह झाला अशी श्रद्धा आहे, तेथे लग्नासाठी येणाऱ्या जोडप्यांची रीघ वाढू लागली. हे सारे स्वागतार्हच आहे. भारतीय माणसाला आपल्या लग्नासाठी युरोपचा तट उसना घ्यावा लागावा, यात आत्मविस्मृतीचा अंश आहेच.

परंतु लग्न देशात केले की विषय संपला, असे समाधान करून घेता येणार नाही. २०२४ साली देशातील सर्वांत धनाढ्य कुटुंबाने आपल्या मुलाच्या विवाहपूर्व समारंभासाठी जामनगरची निवड केली, तेव्हा पंतप्रधानांच्या आवाहनाचा दाखला देण्यात आला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याच विवाहाचा दुसरा समारंभ इटली-फ्रान्सच्या किनाऱ्यालगत जहाजावर झाला. त्याच कुटुंबाने जुलैच्या आरंभी पन्नासहून अधिक गरीब जोडप्यांचे सामूहिक विवाहही लावून दिले, हेही नमूद केले पाहिजे. संपत्ती ज्यांची, विवेकही त्यांचाच. आमचा प्रश्न त्यांना नाही. त्या समारंभाची दशलक्षांश प्रतिकृती करण्यासाठी जो मध्यमवर्गीय पिता भविष्यनिर्वाह निधीला हात घालतो, त्याला तो आहे. उधळपट्टी मायदेशात केली म्हणून तिला स्वदेशीचे पुण्य लाभत नाही.

या विषयावर लिहिताना तरुणांना दोषी धरून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांची बाजू ऐकली पाहिजे. गावच्या लग्नात मानापमानाची नाटके होतात. कोणाचे नाव पत्रिकेत वर छापले, कोणाला टॉवेल-टोपी मिळाली नाही, यावरून वर्षानुवर्षे अबोला धरला जातो. मुहूर्त टळून तास उलटतो, तरी पुढाऱ्याचे आगमन व्हायचे म्हणून मंगलाष्टके थांबवून ठेवली जातात. आशीर्वादाच्या नावाखाली भाषणे होतात. डीजेच्या दणदणाटात भटजींचे मंत्र कोणाला ऐकू येत नाहीत. हजार लोक जेवून जातात आणि त्यातल्या दहा जणांनाही वधूचे नाव ठाऊक नसते. अशा गर्दीपासून दूर, आपल्या जिवाभावाच्या माणसांत शांतपणे लग्न व्हावे असे सुशिक्षित मुलामुलींना वाटले, तर ती इच्छा संस्कारहीन कशी म्हणता येईल? उलट आम्ही म्हणू की, गावच्या लग्नातले गांभीर्य आम्ही वडीलधाऱ्यांनीच घालवले, म्हणून मुले गाव सोडून निघाली.

आणि दूर जाऊन लग्न करणे आपल्या परंपरेला परके आहे, असेही नाही. महाराज दशरथ अयोध्येहून वऱ्हाड घेऊन मिथिलेला गेले आणि जनकाच्या मांडवात चारही भावांचे विवाह एकत्र लागले. आपला विदर्भ तर या बाबतीत फारच भाग्यवान. दमयंतीचे स्वयंवर विदर्भाची राजधानी कुंडिनपुरात झाले. इंदुमतीच्या स्वयंवरासाठी अयोध्येचा राजपुत्र अज विदर्भात आला. त्या सोहळ्याचे वर्णन कालिदासाने ‘रघुवंशा’त केले आहे. रुक्मिणी विदर्भाची, अगस्त्यांची लोपामुद्रा विदर्भाची. दांपत्यप्रेमाचा सर्वश्रेष्ठ उद्गाता भवभूती ज्या पद्मपुराचा, ते आमगावजवळचे पदमपूर असल्याचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होते. देशोदेशीचे राजे लग्नासाठी ज्या भूमीत येत होते, त्या भूमीतील मुलांना आज लग्नासाठी देशोदेशी जावेसे वाटते, हा कालमहिमा म्हणायचा!

मात्र त्या विवाहांत आणि आजच्या ‘डेस्टिनेशन’ विवाहांत एक मूलभूत अंतर आहे. मिथिला हे दशरथांसाठी परके नगर होते, पण तेथे जनक होता. मांडव कोणाच्या तरी अंगणातला होता. यजमान त्या भूमीचा होता, प्रजा त्याची होती, देवता त्याची होती. आजच्या विवाहस्थळी यजमान कोणीच नसतो. दोन्ही पक्ष पाहुणे. स्वागत करणारा पगारी, वाढणारा पगारी, वधूच्या डोळ्यांत पाणी आले की कॅमेरा जवळ आणणाराही पगारी. लग्न आटोपल्यावर चोवीस तासांच्या आत तेथे दुसऱ्या कुटुंबाच्या नावाची फुले लागतात. पाच वर्षांनी ते जोडपे तेथे गेले तर ओळखणारे कोणी नाही.

आपल्या विवाहविधींकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांतील कितीतरी विधी भूमीशी बांधलेले आहेत हे ध्यानात येते. पहिली अक्षत गणपतीला आणि कुलदेवतेला, मग ग्रामदेवतेला. देवक म्हणून पूजायची ती आपल्याच परिसरातील झाडाची डहाळी. वरपक्ष गावच्या वेशीशी आला की सीमांतपूजन. ‘आमच्या सीमेत आपले स्वागत आहे’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याची सीमा आहे त्यालाच असतो. भाड्याने घेतलेल्या हिरवळीवर, आपल्या मालकीची नसलेल्या दारात, आपणही कालच उतरलो आहोत अशा ठिकाणी सीमांतपूजन केले तर ते कोणत्या सीमेवर? विधी उरतो, त्याचा अर्थ हरवतो.

विवाह हा अग्नीच्या आणि समाजाच्या साक्षीने होणारा संस्कार आहे. साक्षी म्हणजे केवळ पाहणारा नव्हे. उद्या संसारात वादळ आले तर ‘तुमच्या लग्नाला मी होतो’ असे म्हणून दाराशी येण्याचा ज्याला अधिकार आहे, तो साक्षी. म्हणूनच विवाहाचे स्थळ निवडणे म्हणजे वस्तुतः साक्षीदार निवडणे होय. पाठीमागे समुद्र असावा की किल्ला, हा प्रश्न नंतरचा. समोर कोण बसलेले असावे, हा प्रश्न आधीचा. या संपूर्ण लेखाचे सार आम्ही एवढ्या एका वाक्यात सांगू.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही अलीकडे याच गाभ्याकडे लक्ष वेधले आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने दिलेल्या निर्णयात, हिंदू विवाह हा गाण्या-नाचण्याचा किंवा खाण्यापिण्याचा प्रसंग नसून तो एक संस्कार आहे, असे नि:संदिग्धपणे सांगितले. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमानुसार वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढ विधींप्रमाणे विवाह व्हावा लागतो. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण आणि बंधनकारक होतो. विधीच झाला नसेल तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही. परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी आधी कागद करून ‘लग्न नंतर थाटात करू’ म्हणणाऱ्या तरुणांनी हा निर्णय मुळातून वाचावा. सप्तपदीला सात पावले पुरतात. ती चालायला राजवाडा लागत नाही.

थोडे लग्न पुरते, हे आपण अनुभवलेही आहे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र शासनाने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा ठेवली होती. त्या दिवसांत झालेली लग्ने कमी पक्की ठरली काय? त्या संकटाने दिलेला साधेपणाचा धडा आपण घेतला असता तर! पण मुभा मिळताच सारे पुन्हा पूर्वपदावर आले. कित्येक ठिकाणी तर दुप्पट वेगाने.

आता अर्थकारणाचा विचार करू. समजा, ऐंशी पाहुण्यांना घेऊन एक कुटुंब दोन रात्रींसाठी बाहेरगावी गेले. एका खोलीत दोघे म्हटले तरी चाळीस खोल्या, दोन रात्रींचे मिळून ऐंशी मुक्काम. भाडे रात्रीला सहा हजार धरले, तर केवळ झोपण्याचा खर्च चार लाख ऐंशी हजार! प्रवास, जेवण, सजावट हे वेगळेच. तेवढ्याच रकमेत, माणशी तीनशे रुपये धरले तर भंडाऱ्यात सोळाशे पाने उठतात. शिवाय तो पैसा येथेच फिरतो. तो मांडववाल्याकडे जातो, आचाऱ्याकडे जातो. पंगतीत वाढणाऱ्या पोरांकडे, फुलाऱ्याकडे, वाजंत्र्यांकडे जातो. भांड्यांसाठी एकेकाळी दूरवर नाव असलेल्या भंडाऱ्याच्या पितळ कारागिरांकडे जातो. बांबूची सुपे-परड्या विणणाऱ्या बुरुडाकडे आणि ऐरण्या करणाऱ्या कुंभाराकडे जातो. मोहाडी-आंधळगावच्या विणकरांनी कोशाच्या रेशमावर विणलेली करवतकाठी साडी ही विदर्भाची शान. तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पण वधूची वस्त्रे दुसऱ्याच शहरातील डिझायनरकडून आली, तर हे मानांकन विणकराच्या घरी चूल पेटवणार आहे काय? जिल्ह्यातून कमवायचे आणि जिल्ह्याबाहेर उधळायचे, ही शोषणाची जुनीच रीत झाली. ती परकीयांनी केली की आपल्याला चटकन दिसते, आपण केली की दिसत नाही.

येथे गावाचे भाबडे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. याच जिल्ह्यातील खैरलांजीने २००६ साली अवघ्या महाराष्ट्राची मान खाली घालायला लावली, हे विसरून गावकीच्या गोडव्याची गाणी गाणे हा ढोंगीपणा होईल. ज्या लग्नात गावातील एका वस्तीला अक्षत जाते आणि दुसऱ्या वस्तीला जात नाही, पंगती वेगळ्या बसतात, ते लग्न घराच्या अंगणात झाले तरी समाजाच्या साक्षीने झाले असे म्हणता येणार नाही. मे २०२५ मध्ये पुणे परिसरातील एका नवविवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. तिच्या लग्नात महागडी मोटार आणि तोळ्यांनी सोने दिले गेले होते. मंगल कार्यालय भव्य असल्याने मुलीचे मंगल होत नाही, याचा इतका दारुण पुरावा दुसरा नसेल. त्यानंतर मराठा समाजाने ठिकठिकाणी बैठका घेऊन विवाहाची आचारसंहिता ठरवली. खर्चाला आवर, हुंड्याला बंदी, निमंत्रितांच्या संख्येला मर्यादा. हे पाऊल इतर समाजांनीही अनुकरण करावे असेच आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण कायद्याने जे साधले नाही ते समाजाच्या निर्धारानेच साधेल.

आपल्या विदर्भाला हा निर्धार शिकवणारे दोन थोर गुरू लाभले. कर्ज काढून लग्न करू नका, असे हातात खराटा घेऊन गाडगेबाबा गावोगाव सांगत राहिले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त लग्नातील उधळपट्टीवर कठोर कोरडे ओढले आणि साध्या, सामुदायिक विवाहांचा पुरस्कार केला. धानाच्या एक-दोन एकरांवर जगणारा शेतकरी मुलीच्या लग्नासाठी सावकाराचे दार ठोठावतो, तेव्हा वरच्या वर्गाने घालून दिलेला थाटाचा आदर्शच त्याला तेथवर ढकलत असतो. शहरातील साहेबाच्या घरी जे होते, ते वर्षभरात तालुक्याला पोहोचते आणि आणखी वर्षभरात खेड्यात. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याचे लग्न म्हणूनच त्याची खाजगी बाब राहत नाही.

मग भंडाऱ्याच्या कुटुंबाने करावे काय? आमचे उत्तर सरळ आहे. स्थळ हवेच असेल तर आपला जिल्हाच स्थळ करा. निसर्गाने येथे काय कमी ठेवले आहे? भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी खोदलेले मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, आजही धानाला पाणी देतात आणि हिवाळ्यात पक्ष्यांना आसरा देतात. भंडारा शहरात खांब तलाव आहे. तुमसर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला चांदपूरचा हनुमान आणि त्याखालचा जलाशय आहे, गायमुख आहे, आंबागडचा किल्ला आहे. मोहाडीला चौंडेश्वरी देवी आहे. पवनी तर वैनगंगेच्या काठचे पुरातन नगर. तेथील तटबंदी, घाट आणि देवळे पाहून कोणत्याही छायाचित्रकाराने हरखून जावे. जिल्ह्याच्या सीमेवर आंभोऱ्याचा नदीसंगम आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’शी परंपरेने जोडलेल्या त्या तीर्थाजवळ वैनगंगेवर भव्य पूल उभा राहिला असून भंडारा आणि नागपूर हे दोन जिल्हे त्याने जोडले आहेत. बाहेरून येणाऱ्यांना नागपूरचा विमानतळ सुमारे साठ किलोमीटरवर, मुंबई-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक वरठीला, आणि राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्याच्या मधून गेलेला. बंगळुरूच्या मित्रांनी भंडाऱ्यास यावे. आपल्या मुलाचे गाव त्यांनी पाहावे. आजवर तुम्ही त्यांचे शहर पाहिलेत, आता त्यांना तुमची माती दाखवा.

मात्र हे नियोजनाशिवाय होणार नाही. ‘घरचेच कार्य आहे, होईल’ या आपल्या ढिलाईमुळेच मुले त्रयस्थ कंपनीकडे वळतात. पहिली गोष्ट, यादी आधी करावी आणि जागा नंतर ठरवावी. ज्यांच्याविना हे लग्न अपुरे वाटेल अशी माणसे प्रथम लिहावीत. त्यांतील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत गरीब व्यक्ती ज्या ठिकाणी स्वत:च्या बळावर, संकोच न बाळगता पोहोचू शकेल, ते ठिकाण योग्य. दुसरी गोष्ट, मुहूर्त. वैशाखात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिशीला भिडतो. त्या उन्हात मांडव घालून म्हाताऱ्या माणसांना बसवण्यापेक्षा मार्गशीर्ष, माघ किंवा फाल्गुनातील तिथी पाहावी. हवा आल्हाददायक, तलाव भरलेले, आणि शेतमजुरांच्या हाताला धानाच्या कापणीनंतर काम हवेच असते.

तिसरी गोष्ट, जेवण. चार देशांच्या पदार्थांचे तीस ठेले मांडून अर्धे अन्न उकिरड्यावर टाकण्यापेक्षा आपल्या मातीतील सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात, वरण, पाटवडीचा रस्सा, एक गोड पदार्थ आणि मठ्ठा अशी पंगत आग्रहाने वाढावी. पंगतीला सर्वांनी एकत्र बसावे. चौथी गोष्ट, करमणूक. डीजेच्या ऐवजी झाडीपट्टीच्या कलावंतांना बोलवावे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टीच्या रंगभूमीला मिळालेली दाद होती. त्या रंगभूमीचा एक प्रवेश किंवा दंडारीचा खेळ लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रंगला, तर पुण्या-बंगळुरूच्या पाहुण्यांना तो आयुष्यभर लक्षात राहील.

पाचवी गोष्ट, मर्यादा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, हा नियम २००० सालापासून आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. पत्रावळी पळसाच्या असाव्यात. कोका अभयारण्याच्या आसपास कार्य असेल तर फटाके आणि प्रखर दिवे सर्वथा वर्ज्य समजावेत, कारण तेथील रहिवासी आपले निमंत्रित नसतात, आपण त्यांचे आगंतुक असतो. नाग नदीतून नागपूरचे सांडपाणी वैनगंगेत येतच आहे, त्यात आपल्या निर्माल्याची आणि खरकट्याची भर नको. गोसीखुर्दच्या जलाशयाकाठी छायाचित्रे जरूर काढावीत, पण या पाण्याखाली कित्येक गावांच्या वेशी गेल्या आहेत, याचे भान ठेवून काढावीत. ज्या कुटुंबांचे अंगणच बुडाले, त्यांना अंगणातल्या लग्नाचे मोल विचारावे.

संघाच्या शताब्दी वर्षात ‘पंच परिवर्तना’चा विषय घराघरांत पोहोचवण्याचा संकल्प करण्यात आला. सामाजिक समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्व-बोध आणि नागरी कर्तव्य. या पाचही गोष्टींची परीक्षा एकाच दिवशी कोठे होत असेल, तर ती लग्नाच्या मांडवात. पंगतीत समरसता दिसते. यादी करताना कुटुंब दिसते. पत्रावळीत पर्यावरण, साडीत आणि जेवणात स्व-बोध, आणि रात्री दहा वाजता बंद होणाऱ्या ध्वनिक्षेपकात नागरी कर्तव्य. बौद्धिकात वर्षभर ऐकलेले विचार त्या एका दिवशी आचरणात येतात किंवा तेथेच उघडे पडतात.

म्हणूनच आमचे आवाहन प्रथम आपल्याच परिवारातील कार्यकर्त्यांना आहे. राष्ट्रीय विचारांचे म्हणवणाऱ्या नेत्यांच्या घरचीही लग्ने डोळे दिपवणारी होतात आणि व्यासपीठावरून साधेपणाची भाषणे होतात, ही विसंगती समाज पाहत असतो. त्याला उत्तर लेखांनी देता येत नाही, उदाहरणांनीच द्यावे लागते. ज्यांची ऐपत आहे त्यांनी आपल्या मुलाच्या मांडवात गावातील दोन गरजू जोडप्यांचे विवाह लावून द्यावेत. मिथिलेच्या मांडवात चार जोडपी उभी राहिली, तर आपल्या मांडवात तीन का नकोत?

त्या वहीकडे पुन्हा वळू. आईच्या हातात अजून लेखणी आहे, वडील गप्प आहेत, मुलगा मोबाइलवर समुद्रकिनाऱ्याची चित्रे दाखवतो आहे. अशा वेळी वडिलांनी रागावू नये आणि मुलानेही रुसू नये. आईने ती यादी मोठ्याने वाचावी. एकेक नाव आले की त्या माणसाने या घरासाठी काय केले, ते मुलाला आणि शक्य असल्यास होणाऱ्या सुनेलाही सांगावे. मानापमान, उशीर आणि दणदणाट होऊ देणार नाही, असे वचन वडिलांनी मुलांना द्यावे. यादी वाचून संपेपर्यंत स्थळाचा निर्णय बहुधा आपोआप झालेला असेल. सीमांतपूजनाचे ताट घेऊन उभे राहायला एक सीमा लागते, आणि ती अजून आपल्या गावाच्या वेशीवर शाबूत आहे.